घरी बांधलेल्या सीएनसीला मोटर आणि गिअरिंग कसं निवडावं: आधी वेग, मग लीड, मोटर शेवटी

"किती टॉर्कची मोटर घेऊ?" घरी सीएनसी (संगणकाच्या हुकमावर कापणारं यंत्र) बांधायला घेतलेला प्रत्येक जण हाच प्रश्न आधी विचारतो, आणि सल्ला देणारेही लगेच सांगतात, "तीन न्यूटन-मीटरची घे, निर्धास्त राहा." या सल्ल्याने खूप नुकसान केलंय. टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर. मोटरवर छापलेला आकडा होल्डिंग टॉर्कचा असतो, म्हणजे मोटर जागच्या जागी थांबलेली असतानाचा. थांबलेलं यंत्र काही कापत नाही. मोटर ज्या वेगाने फिरणार आहे त्या वेगाला तिच्यात किती जोर उरतो, ते बघायचं. तो वेग ठरवतात मोटरची फिरकी सरकेत बदलणारा स्क्रू, त्याची लीड (एका फेऱ्यातली सरक) आणि गिअरिंगच्या पुल्या. म्हणून मोटर सगळ्यात शेवटी निवडायची.

इथे मी लाकूड, अ‍ॅक्रिलिक आणि अधूनमधून अ‍ॅल्युमिनियम कापणारं गॅन्ट्रीचं राउटर (रेलवर सरकणाऱ्या कमानीवर कटर बसवलेलं यंत्र) धरलंय. फ्रेम आणि रेल झाल्या आहेत, गॅन्ट्रीचं वजन काट्यावर करून झालंय, असंही धरते.

पायरी १: दोन वेग लिहा

कापण्याचा आणि रिकाम्या धावेचा, म्हणजे न कापता नुसतं सरकण्याचा. माझे होते मिनिटाला १५०० आणि ५००० मिमी.

पायरी २: लीड आणि गिअरिंग ठरवा

मी अडकले ती इथेच, म्हणून इथे घाई करू नका.

माझ्या पहिल्या यंत्राला १६०५ बॉलस्क्रू होता: १६ मिमी व्यास, एका फेऱ्याला ५ मिमी सरक. त्यावर मी २:१ टायमिंग बेल्ट (दातांचा पट्टा; मोटरच्या दोन फेऱ्यांना स्क्रूचा एक) बसवला, कारण "टॉर्क दुप्पट, बारकावाही दुप्पट" असं मला ठामपणे सांगण्यात आलं होतं. सावकाश चाचण्या सुरेख झाल्या. रिकामी धाव दिली की मात्र मोटर किंचाळायची आणि अडकायची. कंट्रोलर आपला मोजत राहायचा आणि पुढचं सगळं काम काही मिलिमीटर सरकून कापलं जायचं. दोन आठवडे मी वायरिंगमध्ये, अर्थिंगमध्ये, कपलिंगमध्ये दोष शोधला. मग जास्त टॉर्कची मोटर लावली, तर ती आणखी कमी वेगाला स्टेप सोडू (हुकमाचे टप्पे चुकवू) लागली.

शेवटी कागद-पेन्सिल घेतली. मिनिटाला ५००० मिमी म्हणजे ५ मिमी लीडवर १००० फेरे. त्यात २:१ बेल्ट, म्हणजे मोटरला २००० फेरे. स्टेपरला, म्हणजे टप्प्याटप्प्याने फिरणाऱ्या या मोटरला, एका फेऱ्यात सहसा २०० पूर्ण स्टेप असतात. १००० फेऱ्यांना सेकंदाला सुमारे ३३३० स्टेप होतात, म्हणजे एका स्टेपला ०.३ मिलिसेकंद. २००० ला फक्त ०.१५. आता मोटरमधल्या कॉइलकडे बघा. इंडक्टन्स म्हणजे करंट बदलायला कॉइलचा होणारा विरोध. ३ मिलिहेन्री इंडक्टन्सच्या कॉइलमध्ये २४ व्होल्टवर ३ अँपिअर चढायला ढोबळमानाने ३ × ३ ÷ २४, म्हणजे ०.३७५ मिलिसेकंद लागतात. करंट पूर्ण चढायच्या आतच पुढची स्टेप येते. शिवाय फिरती मोटर स्वतःच उलटा व्होल्टेज तयार करते, ते वेगळंच. मी आणलेल्या मोठ्या मोटरचा इंडक्टन्स आणखी जास्त होता. ती हरणारच होती.

या मर्यादेपलीकडे स्टेपरचा टॉर्क साधारण वेगाच्याच प्रमाणात घसरतो. बेल्टने टॉर्क दुप्पट केला, पण त्यासाठी मोटर दुप्पट पळवली आणि तिथे तो निम्मा झाला. हाती काहीच लागलं नाही, वर दोन पुल्या आणि एक बेल्ट सांभाळायला आला. बॉलस्क्रूवर रिडक्शन (वेग कमी करणारं गिअरिंग) लावा असं सरसकट सांगणाऱ्याला आधी विचारा, "मोटरचे फेरे किती होतील?"

मी बेल्ट काढला, १० मिमी लीडचा स्क्रू घेतला आणि मोटर कपलिंगने सरळ जोडली. तीच धाव ५०० फेऱ्यांत होते. तेव्हापासून माझा नियम असा: रिकाम्या धावेत मोटर मिनिटाला ३०० ते ८०० फेऱ्यांत असावी. जास्त होत असतील तर लीड वाढवा, कमी होत असतील तर रिडक्शन लावा.

रिडक्शन खरोखर लागतं ते रॅक-पिनियनला (दातांची पट्टी आणि तिच्यावर फिरणारं दातचाक). मॉड्यूल १ (दाताच्या आकाराचं माप), २० दातांचं पिनियन एका फेऱ्यात ६२.८ मिमी सरकतं. सरळ जोडलं तर एक पूर्ण स्टेप ०.३१ मिमीची होते आणि ५००० च्या धावेत मोटर जेमतेम ८० फेरे घेते. ४:१ केलं की ३२० फेरे आणि फेऱ्याला १५.७ मिमी. हे टायमिंग बेल्टनेच करा. स्वस्त प्लॅनेटरी गिअरबॉक्सला एक अंश जरी ढिलाई असली, तरी १० मिमी त्रिज्येच्या पिनियनवर ती ०.१७ मिमी बॅकलॅश (दिशा बदलताना वाया जाणारी हालचाल) होऊन उतरते, आणि सॉफ्टवेअरच्या भरपाईने ती खरी जात नाही.

लांब स्क्रूसाठी एक ताकीद. स्क्रू फटके मारू लागतो तो वेग लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. लांबी दुप्पट झाली की तो वेग चौथाईवर येतो. दीड मीटरच्या वर १६ मिमी स्क्रूचा हट्ट सोडा.

पायरी ३: लागणारा टॉर्क काढा

टॉर्क = बल × लीड ÷ (६.२८ × कार्यक्षमता). बॉलस्क्रूची कार्यक्षमता ०.९ धरा. २०० न्यूटन कापण्याच्या बलाला ५ मिमी लीडवर ०.१८ न्यूटन-मीटर लागतो, १० मिमीवर ०.३५.

वेग घेतानाचं गणित मला अनपेक्षित होतं. १५ किलोच्या गॅन्ट्रीचं जडत्व ५ मिमी लीडमधून मोटरला फक्त ९५ ग्रॅम-सेमी² जाणवतं. एक मीटर लांब, १६ मिमी जाडीच्या स्क्रूचं स्वतःचं जडत्व ५०० च्या आसपास असतं. म्हणजे वेग घेताना मोटरची निम्म्याहून जास्त ताकद स्क्रू फिरवण्यात जाते! रोटरचं, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाचं, जडत्व ३०० ग्रॅम-सेमी² धरून १ मी/से² त्वरणाला ५ मिमी लीडवर ०.११ न्यूटन-मीटर लागतो, १० मिमीवर ०.०८ पेक्षा कमी. लीड वाढवल्यावर आकडा उतरतो, कारण स्क्रूला कमी फिरावं लागतं.

घर्षण मिळवा, बेरजेची दुप्पट करा. मग मोटरचा टॉर्क-वेग आलेख उघडा आणि तो आकडा तुमच्या फेऱ्यांवर मिळतो का बघा. आलेख न देणाऱ्याकडून मोटर घेऊ नका. या आकाराच्या यंत्राला बहुधा मध्यम लांबीची नेमा २३ (मोटरच्या तोंडाचं एक प्रमाणित माप) पुरते.

पायरी ४: व्होल्टेज

दोन मोटरींत अडलात तर कमी इंडक्टन्सची घ्या. पुरवठ्याच्या व्होल्टेजची वरची मर्यादा: ३२ × √(मिलिहेन्री). ३ मिलिहेन्रीला ५५ येतात, तेव्हा ४८ व्होल्ट उत्तम. पण ५० व्होल्टच्या ड्राइव्हरला (मोटरला करंट देणाऱ्या सर्किटला) ४८ देऊ नका. मोटर झटकन थांबताना ऊर्जा परत पाठवते आणि ड्राइव्हर जळू शकतो. त्याला ३६ द्या.

पायरी ५: मायक्रोस्टेप

मायक्रोस्टेप म्हणजे एका पूर्ण स्टेपचे बारीक तुकडे. ८ ठेवा. १६ वर पहिल्या मायक्रोस्टेपला होल्डिंग टॉर्कचा जेमतेम १० टक्के जोर असतो, तेवढा घर्षणातच जिरतो. जास्त मायक्रोस्टेपने चाल मऊ होते, अचूकता वाढत नाही.

पायरी ६: झेड अक्ष

झेड म्हणजे वर-खाली जाणारा अक्ष. वीज गेली की बॉलस्क्रूवरचा स्पिंडल (कटर फिरवणारा भाग) खाली येऊ शकतो. ब्रेकची मोटर लावा किंवा वजन तोलणारी स्प्रिंग.

पायरी ७: तपासणी

डायल इंडिकेटर (बारीक सरक दाखवणारं काट्याचं मापक) शून्यावर लावा. पूर्ण लांबीच्या शंभर धावा देऊन परत या. काटा हलला नसेल तर वेग आणि त्वरण थोडं-थोडं वाढवत, यंत्र स्टेप सोडेपर्यंत जा. तिथून ३० टक्के खाली या आणि तेच आकडे कंट्रोलरमध्ये कायम करा.