एकट्याने ॲनिमेशन फिल्म सुरू करायची असेल तर आधी लॅटव्हियाकडे बघा

स्टुडिओ नाही, टीम नाही, मग सुरुवात कुठून करू असं कोणी विचारलं की मी लॅटव्हियाचं नाव घेतो. अख्ख्या देशाची लोकसंख्या आपल्या नागपूरपेक्षा कमी, बाहुल्यांच्या ॲनिमेशनची परंपरा होती राजधानी रिगामध्ये, 1960 च्या दशकात आर्नोल्ड्स बुरोव्हस यांनी सुरू केलेली, पण बजेट कायम तुटपुंजं. आणि मार्च 2025 मध्ये तिथल्या 'फ्लो' या ॲनिमेशन फिल्मला ऑस्कर मिळालं, देशाचं पहिलंच! दिग्दर्शक गिंट्स झिल्बालोडिस.

त्याची पद्धत आपल्याला घरी वापरता येते.

गोष्ट निवडताना आपल्याला काय जमतं ते आधी बघा. त्याने 'फ्लो'च्या आधीची 'अवे' ही 75 मिनिटांची फिल्म एकट्याने केली, म्युझिकसकट, साडेतीन वर्षं लागली. त्यात डायलॉगच नाहीत, पात्रं मोजकी, मोकळा निसर्ग, गर्दीचं शहर नाही. डायलॉग नसले की लिपसिंक, म्हणजे बोलण्याशी ओठ जुळवणं, नाही, डबिंग नाही, आणि फिल्म कुठल्याही देशात तशीच चालते. शिवाय ती चार भागांत केलेली, म्हणजे एकेक भाग छोट्या फिल्मसारखा हातात येतो. तुम्ही दोन मिनिटांपासून सुरू करा, एक पात्र, एक जागा, बस.

आता ब्लेंडर, म्हणजे थ्रीडी ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर. फुकट आहे आणि 'फ्लो' त्यातच झालीय. मॉडेलिंगमध्ये, म्हणजे पात्रं-वस्तूंचे थ्रीडी आकार घडवण्यात, महिने घालवू नका प्लीज, बहुतेक जण तिथेच अडकतात आणि फिल्म राहून जाते. साधे ठोकळे ठेवा, डोंगर म्हणजे ठोकळा, मांजर म्हणजे ठोकळा, मग कीबोर्डवर N दाबून व्ह्यू टॅबमध्ये 'लॉक कॅमेरा टू व्ह्यू' ऑन करा आणि कॅमेरा घेऊन त्या जागेत फिरा. झिल्बालोडिस स्टोरीबोर्ड, म्हणजे शॉटची आधी कागदावरची चित्रं, काढत नाही, असाच थ्रीडीमध्ये फिरत शॉट शोधतो, आणि खरं सांगतो, चित्रकला कच्ची असलेल्यांसाठी यासारखी चांगली वाट नाही. सगळे शॉट ठोकळ्यांतच एडिट करून चार लोकांना दाखवा. गोष्ट कळली तरच पुढे जा.

रेंडरला, म्हणजे थ्रीडी सीनमधून शेवटच्या फ्रेम काढायला, ब्लेंडरमधलंच ईव्ही (Eevee) इंजिन घ्या, 'फ्लो'साठीही तेच होतं. हिशोब आधी करून ठेवा, सेकंदाला 24 फ्रेमने एक मिनिट म्हणजे 1440 फ्रेम, फ्रेमला 10 सेकंद धरले तर 4 तास. आणि आउटपुट व्हिडिओ फाइल नको, पीएनजी फ्रेम काढा, मध्येच लाइट गेली तरी झालेल्या फ्रेम शाबूत राहतात आणि पुढून चालू करता येतं, माझा एका रात्रीचा पूर्ण रेंडर याच चुकीने गेलाय.

आवाज शेवटी उरकू नका. 'फ्लो'मध्ये खऱ्या प्राण्यांचे आवाज आहेत, मांजराला खऱ्या मांजराचा, पण कॅपिबाराचा (उंदराच्या कुळातला मोठा प्राणी) खरा आवाज पात्राला शोभेना म्हणून उंटाच्या पिल्लाचा लावला. मोबाइलवर स्वतः रेकॉर्ड करा, जुळेना तर दुसरा शोधा.

टीमचं बघायचं ते यानंतर. 'फ्लो'ला फ्रान्स आणि बेल्जियमचे पार्टनर होते, पण तोवर त्याच्याकडे दाखवायला पूर्ण झालेली फिल्म होती. तुमची दोन मिनिटं पूर्ण झाली की ती लिंक घेऊन लोकांना भेटायला लागा.