पायोडर्मा गँग्रिनोसम: जखम खरवडण्याआधी काय पाहावे

साध्या खरचटण्यातून किंवा फोडातून सुरू झालेली पायावरची जखम काही दिवसांतच पसरू लागली, तिच्या कडा जांभळट आणि आतून पोखरलेल्या दिसू लागल्या, ठणका जखमेच्या मानाने फारच जास्त असला आणि अँटिबायोटिक घेऊनही फरक पडत नसला, तर त्वचारोगतज्ज्ञांकडून पायोडर्मा गँग्रिनोसमची शक्यता तपासून घ्यावी. जखमेत पू दिसतो, पण या आजाराचे मूळ जंतुसंसर्गात नाही. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी शरीराच्या स्वतःच्या त्वचेवर तुटून पडतात. म्हणूनच मृत भाग कापून काढला की जखम आणखी वाढू शकते. कडेचा छोटा तुकडा बायोप्सीसाठी मात्र घ्यावाच लागतो, कारण क्षयरोग, बुरशी, रक्तवाहिन्यांचा दाह व कर्करोग वगळल्याशिवाय प्रतिकारशक्ती दाबणारे औषध देणे धोक्याचे असते. आतड्याचा दाह, संधिवात व रक्ताचे विकार यांचाही शोध त्याच वेळी घ्यावा.

मोठ्या जखमेवर सुरुवात बहुधा प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड किंवा सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध देऊन होते. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत दोन्ही औषधे सारखीच ठरली, आणि सहा महिन्यांनंतरही जेमतेम निम्म्या रुग्णांच्या जखमा भरल्या होत्या. उरलेल्यांसाठी, आणि आतड्याचा दाह असलेल्यांसाठी तर लवकरच, टीएनएफ हा दाह भडकवणारा रेणू अडवणाऱ्या औषधांचा विचार करावा. इन्फ्लिक्सिमॅब वजनाच्या दर किलोमागे 5 मिलिग्रॅम या प्रमाणात शिरेतून देतात. 2006 च्या चाचणीत दोन आठवड्यांत सुधारणा दिसलेले रुग्ण 46 टक्के होते, तर औषधाविना द्रावण दिलेल्या गटात 6 टक्के. अडालिमुमॅब त्वचेखाली टोचतात. जपानने 2020 मध्ये याच आजारासाठी त्याला मान्यता दिली. भारतात त्याचे बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी मिळतेजुळते दुसऱ्या कंपनीचे औषध, 2014 पासून मिळते, तरीही खर्चाचा अंदाज आधीच घेतलेला बरा.

आपल्याकडे या औषधांआधीची सर्वांत महत्त्वाची पायरी क्षयरोगाच्या तपासणीची आहे: छातीचा एक्स-रे आणि मॉन्टू (त्वचेवरची) किंवा इग्रा (रक्ताची) चाचणी. टीएनएफ अडवला की शरीरात सुप्त असलेला क्षयरोग उफाळू शकतो. तो आढळल्यास प्रतिबंधक गोळ्या सुरू करून साधारण महिनाभराने इंजेक्शन सुरू करतात. हिपॅटायटिस बी, सी व एचआयव्ही तपासावेत, हृदय कमकुवत असल्यास डॉक्टरांना सांगावे, आणि उपचार चालू असताना जिवंत जंतूंच्या लसी टाळाव्यात.

जखम सलाईनने हळुवार धुवावी व न चिकटणारी पट्टी लावावी. हळद, हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा घरगुती लेप लावू नयेत. दर आठवड्याला जखमेशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढावा. ठणका व कडेची लाली आधी ओसरते, जखम भरायला मात्र महिने लागतात. या काळात स्टेरॉइड स्वतःहून बंद करू नये, आणि पुढे कधीही शस्त्रक्रिया ठरल्यास या आजाराची माहिती सर्जनला आधीच द्यावी, कारण टाक्यांच्या जागी तो पुन्हा उद्भवू शकतो.