हिरमुसलेल्या पोरासाठी ब्राउनी : या चुका टाळा

परीक्षेत, सामन्यात किंवा मैत्रीत मार खाऊन दार लावून बसलेल्या सोळा वर्षांच्या पोरापुढे आयसिंगचा केक ठेवू नका. केक म्हटला की समारंभ आला, आणि नेमका समारंभच त्याला नको असतो. मधोमध ओलसर राहिलेली ब्राउनी तासाभरात होते आणि वाटीत घालून चमच्याने खाता येते.

20 सेंटिमीटरच्या चौकोनी टिनसाठी 150 ग्रॅम डार्क चॉकलेट, 120 ग्रॅम बटर, 200 ग्रॅम साखर, 2 मोठी अंडी, 80 ग्रॅम मैदा, 25 ग्रॅम कोको आणि पाव चमचा मीठ घ्या. बटर खारं असेल तर मीठ वगळा. बेकिंग पावडर घालायची नाही, नाहीतर ब्राउनीचा साधा केक होतो.

सगळ्यात जास्त ब्राउन्या बिघडतात त्या जास्त भाजल्याने. केकच्या सवयीने आपण टूथपिक कोरडी निघेपर्यंत थांबतो. इथे ती कोरडी निघाली म्हणजे उशीर झाला. 175 अंश सेल्सियसला 20व्या मिनिटाला पहिल्यांदा टोचून बघा. पातळ मिश्रण चिकटलं तर अजून 3 मिनिटं द्या. ओलसर चुरा चिकटला तर लगेच बाहेर काढा. गरम टिनमध्ये ती पुढेही थोडी शिजत राहते. कडा घट्ट आणि मधला भाग हलवल्यावर किंचित थरथरणारा, ही खरी खूण. काचेचं भांडं उशिरा तापतं पण उष्णता धरून ठेवतं, म्हणून त्यात तापमान 10-15 अंशांनी कमी ठेवा.

दुसरी अडचण चॉकलेट वितळवताना येते. थेट गॅसवर ठेवलं तर तळाशी करपतं. मंद उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाडगं ठेवा, पण त्याचा तळ पाण्याला टेकू देऊ नका. चॉकलेट एकटं वितळवताना पाण्याचे दोन थेंब पडले तरी ते घट्ट, रवाळ होऊन बसतं, कारण त्यातले साखरेचे आणि कोकोचे कण पाण्याने एकमेकांना चिकटतात. बटरबरोबर वितळवलं तर हा धोका बराच कमी. मिश्रण फार तापून तूप वेगळं सुटलं तर टाकून देऊ नका. एकेक चमचा गरम पाणी घालत जोरात फेटा, पुन्हा एकजीव होतं.

मग अंडी. चॉकलेट चटका बसण्याइतकं गरम असताना ओतलंत तर अंड्याची भुर्जी होते. बोट बुडवता येईल इतकं कोमट होऊ द्या. साखर आणि अंडी आधी 3-4 मिनिटं फेटायची. वर चकचकीत, तडे गेलेली पापडी येते ती यामुळेच. नुसतं ढवळून सोडलंत तर वरचा थर मंद, निस्तेज राहतो. फेटायचं काम मुलाकडे द्यायला हरकत नाही, हातात काहीतरी असलं की बोलणं आपसूक सुटतं. नको म्हणाला तर आग्रह मात्र नको.

मैदा कपाने मोजू नका. डब्यात कप खुपसून भरला तर सहज 20-30 ग्रॅम जास्त जातो आणि ब्राउनी घशाला लागते. मैदा आणि कोको चाळून घ्या, पांढरी रेघ दिसेनाशी झाली की हात थांबवा. पुढे ढवळत राहिलात तर ती चिवट होते.

अंडं चालत नसेल तर 2 अंड्यांऐवजी अर्धा कप दही. ओलावा छान येतो, पण वरची पापडी येत नाही, तेवढं धरून चाला.

कोरडी झाली? वाटीत तुकडा ठेवून वर दोन चमचे गरम दूध सोडा आणि मायक्रोवेव्हमध्ये 15 सेकंद द्या. मधोमध कच्ची राहिली तर वर फॉइल टाकून आणखी 5-6 मिनिटं भाजा. अंडं आहे, कच्ची खाऊ घालू नका.

सुबक चौकोन हवे असतील तर पूर्ण थंड होईपर्यंत सुरी लावायची नाही. पण त्या दिवशी चौकोनांना कोण विचारतंय? 15 मिनिटांनी चमच्यानेच काढा, वर व्हॅनिला आइस्क्रीमचा गोळा ठेवा. "आता पुढे काय ठरवलंयस?" हा प्रश्न निदान वाटी रिकामी होईपर्यंत विचारू नका.