क्रोएशियाला कधी जावं?

मला कुणी विचारलं, तर मी डोळे झाकून सप्टेंबर सांगते. उन्हाळाभर तापलेला तिथला एड्रियाटिक समुद्र तेव्हाही २३-२४ अंशांवर असतो, युरोपातल्या शाळा सुरू झालेल्या असतात आणि बेटांवर जाणाऱ्या बोटींच्या फेऱ्या अजून भरपूर असतात. गणपती ऐन सप्टेंबरात आले, तर विसर्जन आटोपून निघा. महिनाअखेरही छानच असते.

आपल्याकडे मुलांच्या सुट्टीमुळे मे ठरतो. गावं, किल्ले, भटकंती यासाठी तो उत्तम. पण समुद्र तेव्हा जेमतेम १८ अंशांचा, आपल्या मुलांना पाण्यात पाय घालवत नाही. लॅव्हेंडर बघायचं असेल, तर ह्वार बेटावर जूनअखेरीस जा.

जुलै-ऑगस्ट मी टाळतेच. दुब्रोव्निक शहरातल्या स्त्रादुन रस्त्याचा चुनखडीचा दगड पावलांनी घासून आरशासारखा झालाय. दुपारी त्यावरून ऊन थेट डोळ्यांत येतं आणि क्रूझची गर्दी हलू देत नाही. तटबंदीची जवळजवळ दोन किलोमीटरची फेरी तेव्हा सकाळी दार उघडताच करा, आजी-आजोबा बरोबर असतील तर नक्कीच.

दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल, तर समुद्र बाजूला ठेवून प्लिटवित्से तलाव गाठा. ऑक्टोबरात तिथली झाडं रंगतात. नोव्हेंबरात किनाऱ्यावर पाऊस आणि थंडीत ‘बुरा’ नावाचा जोरदार गार वारा. तो सुटला की फेरी बोटीही रद्द होतात.

२०२३ पासून शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा) लागतो. सहा महिने आधी अर्ज करता येतो, तेव्हा सप्टेंबरसाठी एप्रिलमध्येच लागा कामाला.