ठाणे-बेलापूर पट्ट्यात जेल आणि सिलिकाच्या कामाला लागताना

रबाळे, महापे, तुर्भे किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये औषधं आणि सौंदर्यप्रसाधनांच्या लॅबमध्ये रुजू होणाऱ्या बी.फार्म., एम.एस्सी. झालेल्यांना फॉर्म्युल्याचा कागद लगेच मिळतो. त्यावर टक्के असतात. कोणता घटक कधी घालायचा, कसल्या पाण्यात आणि किती वेगानं ढवळत, हे मात्र क्वचितच लिहिलेलं असतं. बॅच बिघडते ती बहुतेक वेळा तिथेच.

कार्बोमर म्हणजे पाण्यात फुगून जेल घट्ट करणारा पॉलिमर. त्याच्या साध्या जेलपासून सुरुवात करा. ५०० ग्रॅम जेलसाठी कार्बोमर २.५ ग्रॅम, ग्लिसरीन २५ ग्रॅम, फिनॉक्सीइथेनॉल (जंतू वाढू न देणारं) ४.५ ग्रॅम, डायसोडियम ईडीटीए (धातूंचे आयन बांधून ठेवणारं) ०.२५ ग्रॅम, बाकी डीएम, म्हणजे क्षार काढलेलं पाणी. ईडीटीए आधी पाण्यात विरघळवा. मग स्टररचा वेग ८०० ते १००० आरपीएम ठेवून, पाण्यात पडणाऱ्या भोवऱ्याच्या कडेवर कार्बोमर चाळणीतून अगदी हळू भुरभुरवा. एकदम ओतलं तर पिठल्यात बेसनाच्या होतात तशा गुठळ्या होतात: बाहेरचा थर फुगतो, आतली पावडर कोरडीच राहते आणि पुढे कितीही ढवळलं तरी ती फुटत नाही. मिश्रण पातळ, पांढुरकं आणि आम्लधर्मी, साधारण पीएच ३ चं दिसलं की बरोबर चाललंय. ग्लिसरीन आणि फिनॉक्सीइथेनॉल याच टप्प्यावर एकत्र करून घाला.

आता थांबा. शक्य असेल तर रात्रभर ठेवा. हवेचे बुडबुडे पातळ द्रवातून वर येऊन निघून जातात. जेल घट्ट झाल्यावर ते अडकतात आणि मग व्हॅक्यूमशिवाय निघत नाहीत. त्यानंतर ट्रायइथेनॉलअमाईन हा अल्क, ज्याला सगळे टीईए म्हणतात, थेंब थेंब सोडा. कार्बोमरच्या वजनाच्या सुमारे दीडपट, म्हणजे इथे ३.७५ ग्रॅमच्या आसपास लागतं, पण शेवटचा निर्णय पीएच मीटरचा: ६ ते ७. आम्लाचे गट आयनित झाले की पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींना ढकलून पसरतात, म्हणून जेल घट्ट होतो. या क्षणापासून होमोजिनायझर, म्हणजे अतिवेगानं कातरत मिसळणारं यंत्र, बंद. जोरदार कातरणीनं साखळ्या तुटतात आणि गेलेली व्हिस्कोसिटी (घट्टपणा) परत येत नाही. अँकर स्टरर (भांड्याच्या कडेनं फिरणारं नांगराच्या आकाराचं पातं), मंद वेग.

जेल अचानक पातळ झाला तर आधी क्षारांवर संशय घ्या. सोडियमचे धन आयन साखळ्यांवरचा ऋण भार झाकून टाकतात, आणि नळाच्या पाण्यातलं कॅल्शियम त्याहून जास्त नुकसान करतं. अ‍ॅलोव्हेराच्या अर्कातही क्षार असतात. कंपन्यांना अ‍ॅलोव्हेरा जेल हवा असतोच, तेव्हा हायड्रॉक्सीइथाइल सेल्युलोजसारखा भार नसलेला पॉलिमर घेणं शहाणपणाचं. पारदर्शक बाटलीत उन्हानंही व्हिस्कोसिटी घटते. आणि टीईएसोबत ब्रोनोपॉल हे प्रिझर्व्हेटिव्ह कधीही वापरू नका, नायट्रोसअमाईन ही कर्करोगाशी जोडली जाणारी संयुगं तयार होण्याचा धोका असतो.

व्हिस्कोसिटीचा नुसता आकडा निरुपयोगी आहे. व्हिस्कोमीटरच्या स्पिंडलचा (जेलमध्ये फिरणाऱ्या दांड्याचा) क्रमांक, आरपीएम, तापमान आणि बॅच होऊन किती तास झाले, हे चारही नोंदवा. जेल २४ तास ठेवून २५ अंशांवर मोजला तरच कालच्या बॅचशी तुलना करता येते.

सिलिकाकडे वळू. गोळ्यांमध्ये कोलॉइडल सिलिकॉन डायऑक्साइड ०.१ ते १ टक्का पुरतं. पावडर नीट वाहावी म्हणून ते घालतात. ते इतकं हलकं असतं की थेट ब्लेंडरमध्ये टाकलं तर गोळे होतात. थोड्या एक्सिपियंटबरोबर (गोळीतल्या औषधाव्यतिरिक्तच्या घटकाबरोबर) मिसळून ४० मेशच्या चाळणीतून काढा. मॅग्नेशियम स्टिअरेट, म्हणजे गोळी साच्याला चिकटू न देणारं वंगण, सगळ्यात शेवटी आणि दोन-पाच मिनिटंच मिसळा, नाहीतर गोळी मऊ पडते आणि उशिरा विरघळते. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत उघडं पोतं ओलावा ओढतं. १०५ अंशांवर दोन तास वाळवून घट २.५ टक्क्यांच्या आत आहे ना, हे वापरण्याआधी पाहा. हे सिलिका स्फटिकी नसतं, त्यामुळे स्फटिकी सिलिकाच्या धुळीनं होणाऱ्या सिलिकोसिस या फुप्फुसाच्या आजाराची भीती इथे लागू होत नाही. तरी धूळ श्वासात जाऊ देऊ नका, मास्क लावाच.

एम.फार्म.च्या प्रोजेक्टला मेसोपोरस, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रं असलेलं, सिलिका घेणाऱ्यांसाठी एक सूचना. त्यातलं एमसीएम-४१ हे १९९२ पासून माहीत आहे आणि २००१ मध्ये त्यात आयबुप्रोफेन भरून दाखवलं गेलं. बनवताना छिद्रांच्या साच्यासाठी वापरलेलं सीटॅब हे सर्फॅक्टंट (साबणासारखं रसायन) विषारी असतं, ते पूर्ण निघालंच पाहिजे: ५५० अंशांपर्यंत मिनिटाला एक-दोन अंश या गतीनं तापवा. पावडर करडी राहिली तर कार्बन शिल्लक आहे. औषध भरल्यावर डीएससी, म्हणजे तापवताना पदार्थ किती उष्णता शोषतो ते मोजणारी चाचणी, करा. आयबुप्रोफेनचा ७५ ते ७८ अंशांजवळचा वितळण्याचा पीक दिसला, तर काही औषध छिद्रांबाहेर स्फटिक होऊन बसलंय. सॉल्व्हंटनं हलकं धुऊन पुन्हा तपासा.

पहिली नोकरी निवडता आली तर आर अँड डीच्या आधी वर्षभर प्रॉडक्शनमध्ये काढा, असं आमचं मत आहे. ५०० ग्रॅमला जमलेला जेल ३०० किलोच्या भांड्यात का बिघडतो, हे तिथेच दिसतं: पावडर भुरभुरवायला लागणारा वेळ वाढतो, भोवरा उथळ पडतो आणि टीईए एकाच जागी साचून घट्ट ढेकळं होतात. टीईए थोड्या पाण्यात पातळ करून, चालू स्टररजवळ सोडलं की ती होत नाहीत.