विडंबन बँड उभारावा, तर 'रटल्स'सारखा

गाजलेल्या बँडचे विडंबन करायचे असेल, तर मूळ चालीत नुसते विनोदी शब्द कोंबण्याची पळवाट आधी सोडावी. १९७५ मध्ये बीबीसीवरील एका विनोदी मालिकेतून पुढे आलेल्या आणि १९७८ च्या दूरचित्रवाणीपटामुळे नावारूपाला आलेल्या 'द रटल्स' या बीटल्सच्या विडंबन बँडची गाणी लिहिताना विनोदी गीतकार-संगीतकार नील इनिस यांनी बीटल्सच्या ध्वनिमुद्रिका पुन्हा ऐकल्या नाहीत. आठवणीत मुरलेल्या ढंगावरच त्यांनी नव्या चाली बांधल्या. आपणही मूळ गाणी भरपूर ऐकून काही आठवडे बाजूला ठेवावीत आणि मनात जे उरेल, तेवढेच भांडवल मानावे.

तपशिलात मात्र कसूर नको. बीटल्सच्या 'हेल्प!'च्या धर्तीवरील गाण्याला 'आउच!' हे नाव देताना त्यांनी उद्गारचिन्हसुद्धा राखले. थट्टेत जिव्हाळा असला, तर ज्यांची थट्टा होते तेही सामील होतात: खुद्द बीटल्सचे जॉर्ज हॅरिसन त्या पटात वार्ताहर झाले असून, ते मुलाखत घेत असताना मागच्या कार्यालयातून सामान लंपास होत राहते आणि शेवटी त्यांच्या हातातला मायक्रोफोनही जातो. हक्कधारक एवढे खेळकर असतीलच असे नाही. 'रटल्स'च्या गाण्यांवरही दावा झाला होता, म्हणून ध्वनिमुद्रणापूर्वीच वकिलाचा सल्ला घ्यावा.