सर्वाधिक चालींची बुद्धिबळ-स्थिती शोधताय? या चुका टाळा

डावाच्या सुरुवातीला पांढऱ्याकडे २० चाली असतात. मग एकाच स्थितीत जास्तीत जास्त किती चाली उपलब्ध असू शकतील? बुद्धिबळाची कोडी रचणारे नेनाद पेत्रोविच यांनी १९६४ मध्ये हा आकडा २१८ वर नेला. प्रत्यक्ष डावातून येऊ शकणाऱ्या कोणत्याही स्थितीत याहून जास्त चाली नसतात, हे अलीकडे संगणकाच्या मदतीने सिद्धही झाले आहे. तरीही स्वतः शोधून पाहण्यात खरा आनंद आहे, आणि त्यात बहुतेक जण त्याच त्या चुकांवर अडखळतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वजिरांना मध्यभागी कोंबणे. मोकळ्या पटावर मधल्या घरातल्या वजिराला २७ चाली मिळतात, कडेच्या वजिराला २१. म्हणून मध्यभागाचा मोह होतो. पण डी४, डी५, ई४, ई५ या चारही घरांत वजीर ठेवून मोजा. प्रत्येकाला जेमतेम १५ उरतात, कारण तिघे शेजारी तीन दिशा बंद करतात. आता २१८ चालींची ही मांडणी पटावर लावा.

पांढरे: वजीर डी८, बी७, जी७, ई६, सी५, ए४, एफ४, डी३, बी२, हत्ती एच५, जी२, उंट डी१, ई१, घोडे एफ१, जी१, राजा बी१.
काळे: राजा एच१, प्यादे एच२.

ई६ वरून निघा: डी८, जी७, सी५, एफ४ हे चारही वजीर त्याच्यापासून अडीच घरांवर आहेत. सी५ वरून बी७, ए४, डी३ तसेच. घोड्याच्या अंतरावरचे मोहरे वजिराच्या एकाही रेषेत येत नाही, त्यामुळे सगळ्यांना श्वास घ्यायला जागा राहते. नऊ वजिरांच्या मिळून १७६ चाली होतात, हत्तींच्या १९, उंटांच्या १२, घोड्यांच्या ७, राजाच्या ४. मला ही रचना फार देखणी वाटते. उंट-घोडे-राजा मुद्दाम तळाशी सरकवले आहेत, म्हणजे स्वतः थोडे कमी हलतील पण वजिरांच्या वाटेत येणार नाहीत.

दुसरी चूक काळ्या राजाबाबतची. चाल पांढऱ्याची असताना काळ्या राजाला शह बसलेला असेल, तर ती स्थितीच अवैध. वरच्या मांडणीतून एच२ चे प्यादे काढून पाहा: एच५ च्या हत्तीचा थेट शह. शिवाय ते प्यादे पांढऱ्याची एकही चाल अडवत नाही. दोन्ही हत्ती, एफ१ चा घोडा आणि एफ४ चा वजीर असे चौघे ते मारू शकतात, म्हणजे ते घर चालींच्या हिशेबात राहतेच. तिथे स्वतःचे प्यादे असते तर याच चार चाली गेल्या असत्या.

वजिरांची संख्याही मनाला येईल तशी वाढवता येत नाही. मूळचा एक आणि बढतीचे (म्हणजे शेवटच्या रांगेत पोहोचलेल्या प्याद्यांचे झालेले) आठ, मग पांढरे प्यादे एकही उरत नाही. आणि समोरासमोरची प्यादी एकमेकांना ओलांडून जायची तर मारामारी व्हायलाच हवी. काळ्याची सगळी मोहरी शाबूत ठेवून नऊ वजीर मांडणे अशक्य.

हाताने मोजताना बढतीची एक चाल धरू नका. वजीर, हत्ती, उंट, घोडा अशा त्या चार वेगळ्या चाली आहेत. पुढचे घर मोकळे आणि दोन्ही बाजूंना मारण्याजोगी मोहरी असतील, तर सातव्या रांगेतले एकच प्यादे १२ चाली देते.

प्रोग्राम लिहून शोधत असाल आणि आकडा २१८ च्या वर गेला, तर विक्रम समजण्याआधी चाली काढणारा कोड तपासा. पिन झालेले (म्हणजे हलले तर स्वतःच्याच राजाला शह बसेल असे) मोहरे हलवून राजा शहात सोडला जातोय का, हे आधी बघा. एन पासंटमध्ये, म्हणजे एकदम दोन घरे पुढे आलेले प्यादे एकच घर आल्यासारखे धरून शेजारच्या प्याद्याने लगेच मारण्यात, सापळा आणखी खोल आहे. पांढरा हत्ती बी४, काळा राजा एच४, काळे प्यादे एफ४, मधली घरे मोकळी. पांढऱ्याने ई२-ई४ केले, तर काळ्याला ते प्यादे एन पासंट मारता येत नाही, कारण दोन्ही प्यादी चौथ्या रांगेतून एकदम उठतात आणि राजावर शह उघडतो. पडताळणीसाठी सुरुवातीच्या स्थितीपासून खोलीनुसार, म्हणजे कोणत्याही बाजूची एक चाल ही एक पायरी धरून, चालींचे सगळे क्रम मोजा: २०, ४००, ८९०२, १९७२८१. यातला एकही आकडा चुकला तर पुढचा शोध व्यर्थ.

कोड बरोबर आहे, पण शोध मध्येच एखाद्या आकड्यावर अडकून बसतो? एका वेळी एकच मोहरे हलवून चाली वाढल्या तरच ते मान्य करायचे, अशी पद्धत असेल तर हे होणारच. ही जाळी घट्ट विणलेली असते आणि एक वजीर सरकला की आधी नुकसानच दिसते. दोन-तीन मोहरी एकाच वेळी हलवू द्या, थोडी घट अधूनमधून स्वीकारा, आणि नव्या मांडणीपासून पुन्हा पुन्हा सुरुवात करा. चालींच्या यादीसाठी २५६ जागा राखल्या की पुरेत.